नव्या माठाचं पाणी

भर मे महिन्यात, नागपूरच्या उन्हात, डोक्याला माकडटोपी आणि अंगात पूर्ण बाह्यांचा लोकरी स्वेटर घातलेला माणूस चहाच्या टपरीवर उभा दिसला तर लोक काय समजतील? जे समजायचं तेच समजायचे. टपरीवाला तर नव्या गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवायचा, "काई करत नाई ते. प्रोफेसर हायेत." तेच आमचे सर. बायोकेमिस्ट्रीचे. त्यांचा दिवस आमच्या डिपार्टमेंटच्या शीतखोलीत जायचा. तिथे बारा महिने चार अंश तापमान. बाहेर आल्यावर टोपी काढायचं सर विसरतात, असं आम्ही धरून चाललो होतो. एकदा मी धीर करून विचारलं तर म्हणाले, "काढू कायले? पुन्हा आतच जाचं हाय ना." मी सहा वर्षं त्यांच्या हाताखाली पीएचडी केली. त्यातलं सरांचं निम्मं बोलणं मला कळलं नाही, आणि जे निम्मं कळलं असं वाटलं तेही पुढे चुकीचं निघालं.

सर रामटेककडच्या एका खेड्यातले. तिथे उभ्या धानातच लाखोळी फेकतात, धान कापलं की मागे राहिलेल्या ओलीवर ती येते. स्वस्त डाळ. पण तिच्यात थोडं विष असतं, आणि तीच डाळ दोन्ही वेळा महिनोन् महिने खाल्ली की काहींचे पाय लुळे पडतात. सरांचे वडील दोन काठ्यांवर चालत. हे मला सरांनी नाही, काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने सांगितलं. सर स्वतः फक्त एवढंच म्हणायचे, की लाखोळीत ते विष घडवणारं एक एन्झाइम आहे, आणि मरायच्या आधी मला त्याचं तोंड पाहायचंय.

तोंड, हाच शब्द. एन्झाइम म्हणजे एक प्रथिन. मण्यांची लांबलचक माळ, पण ती स्वतःभोवतीच गुंडाळून तिची एक ठराविक घडी बसलेली, आणि त्या घडीतल्या एका खाचेत सगळा उद्योग चाललेला. ती खाच कशी आहे ते दिसलं तर ती बुजवायचं बघता येईल, असं सरांचं साधं म्हणणं. पुस्तकात लिहिलेलं असतं की एन्झाइम म्हणजे कुलूप आणि त्यात बसणारा पदार्थ म्हणजे किल्ली. मी पहिल्याच भेटीत हे पाठ केलेलं म्हणून दाखवलं. सरांनी पायातली चप्पल काढून टेबलावर ठेवली.

"कुलूप-किल्ली नाई वं. चप्पल अन् पाय. नवी चप्पल चावते का नाई? मंग थोडी ते बदलते, थोडा पाय बदलते. कोन कोनात बसलं मंग?"

एवढं विचारून ते निघून गेले. चप्पल टेबलावरच. देवरावभाऊंनी, म्हणजे आमच्या डिपार्टमेंटच्या शिपायांनी, ती उचलून शीतखोलीत नेऊन दिली, रोजचंच असल्यासारखी. कोण कोणात बसलं हे सरांनी मला पुढे कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

प्रथिन डोळ्यांना दिसत नाही, सूक्ष्मदर्शकालाही नाही. त्याचं तोंड पाहायचं तर आधी त्याचा स्फटिक वाढवावा लागतो, म्हणजे त्याचे असंख्य रेणू खडीसाखरेच्या खड्यासारखे ओळीने रचले गेले पाहिजेत. मग त्या खड्यावर क्ष-किरण सोडायचे आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून आतली घडी काढायची. खडीसाखर कोणीही करतं. प्रथिनाचा खडा मात्र त्याच्या मनात असेल तर येतो, नाहीतर वर्षानुवर्षं येत नाही. काचेच्या झाकणाला खालून लटकवलेले प्रथिनाच्या द्रावणाचे मोहरीएवढे थेंब, शेकड्यांनी, ट्रेमध्ये. ते शीतखोलीत ठेवायचे आणि वाट पाहायची.

सरांनी त्या वाट पाहण्याचा एक धर्मच करून टाकला होता. खोलीत भरभर चालायचं नाही. दार आपटायचं नाही. थेंब फक्त शनिवारी पाहायचे. आणि "आलं का?" असं मोठ्याने विचारायचं नाही. खड्यांना ते पाहुणे म्हणत. "दारात उभं राहून कवा येता, कवा येता केलं का पाहुना गल्लीतूनच वापस जाते," असं म्हणायचे. विज्ञान शिकलेला माणूस हे गंभीरपणे म्हणतोय की आमची फिरकी घेतोय, ते शेवटपर्यंत समजलं नाही. पण मी शनिवारीच पाहायचे.

आणि पाणी. पहिले सहा महिने सरांनी मला दुसरं काही करूच दिलं नाही. पाणी उकळायचं, वाफ थंड करून धरायची, ते पुन्हा उकळायचं, पुन्हा धरायचं. हेच डबल डिस्टिल्ड. प्रथिन ज्या द्रावणात ठेवतो ते सगळं ह्या पाण्यात. "पानी चुकलं का सगळं चुकलं," हे दिवसातून तीनदा. मी घरी हिंगण्याला रडायचे, की पोरगी एमएस्सी झाली आणि पाणी भरते. आई म्हणायची, मग काय झालं, आम्ही जन्मभर तेच केलं. सहा महिन्यांनी सरांनी एका सकाळी काचेची बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आजपासून पानी तुह्याकडे." त्यानंतर त्यांनी पाण्याबद्दल एक शब्द काढला नाही. बाकी सगळं दहा वेळा तपासायचे, वजनं, तारखा, माझं अक्षरसुद्धा. पाणी नाही. हा माझा केवढा मान होता हे मला तेव्हा कळलंच नाही, सुटले एकदाची असं वाटलं.

त्यांचा आणखी एक नियम सांगते, कारण तो पुढे लागणार आहे. प्रयोगाच्या रजिस्टरमध्ये चुकलेलं खोडायचं नाही, पांढरं लावायचं नाही. एक रेघ मारायची, बरोबर काय ते वर लिहायचं, तारीख टाकायची. "चूक वाचता आली पायजे," म्हणायचे. पान पाहिलं की ते खाली 'तपासले' लिहून सही करत.

माझ्या तिसऱ्या वर्षीचा मे महिना. चार किलो लाखोळीला मोड आणून, वाटून, गाळून आठवडाभराच्या मेहनतीनंतर नखभर प्रथिन हाती आलं होतं. ते संध्याकाळपर्यंत थेंबात गेलं नसतं तर वाया. सर मीटिंगला गेलेले. आणि माझ्या घामेजल्या हातातून पाण्याची बाटली सटकली, फरशीवर चक्काचूर. लाईट गेलेली. शीतखोलीला जनरेटर होता, पाणी उकळायच्या यंत्राला नव्हता. शेजारच्या प्रयोगशाळेला उन्हाळ्याच्या सुट्टीचं कुलूप. मी काचा गोळा करत रडकुंडीला आले होते आणि समोर दाराशी देवरावभाऊंचा माठ होता. त्याच सकाळी बाजारातून आणून भरलेला, अजून बाहेरून नीट ओलाही न झालेला. मी त्यातलं पाणी घेतलं, बारीक गाळणीतून गाळलं आणि थेंब लावले. रजिस्टरमध्ये लिहिलं, 'डबल डिस्टिल्ड'. वाटलं, नाहीतरी काही येत नाही. पुढच्या वेळी नीट करू.

दुसऱ्या शनिवारी पाहुणे आले. तीन. एकाच थेंबात, लांबट, स्वच्छ, कडा धारदार. मी सूक्ष्मदर्शकावरून उठले आणि भरभर न चालता सरांना बोलवायला गेले. सर आले, त्यांनी पाहिलं, आणि पहिल्यांदा त्यांनी माकडटोपी काढली. पण लगेच हुरळले नाहीत. बऱ्याचदा असा खडा मिठाचाच निघतो आणि माणूस तोंडावर पडतो. म्हणून तिघांतला एक त्यांनी सुईने दाबला. मिठाचा असता तर टचकन तडकला असता. तो बर्फीसारखा भुगा झाला. सर खालीच बसले, शीतखोलीच्या फरशीवर. "हाच हाय वं," म्हणाले. "हाच हाय." आणि चष्मा काढून स्वेटरच्या बाहीने डोळे पुसत राहिले. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण अशा माणसाला, अशा वेळी, हे पाणी माठाचं आहे म्हणून सांगायला कोणाची जीभ वळेल? माझी नाही वळली.

दुसरा खडा सर स्वतः बर्फाच्या डब्यात मांडीवर घेऊन परगावच्या मोठ्या यंत्राकडे गेले. ठिपके उमटले, सुंदर उमटले. म्हणजे प्रथिन नक्की. पण पुरते ठिपके यायच्या आधीच किरणांनी खडा मेला. तिसरा ते परत येईपर्यंत विरघळला होता. सर म्हणाले, काही हरकत नाही, वाट माहीत झाली, आता कितीही करू.

पुढची तीन वर्षं एकही आला नाही.

त्या तीन वर्षांत सर जे वागले त्याला लोक वेड म्हणत, आणि मला त्यांचा बचाव करता येत नसे. त्या दिवशी जे जे होतं ते सगळं त्यांनी पुन्हा करून पाहिलं. त्या दिवशीचा शर्ट घालून आले. देवरावभाऊंना चार वेळा विचारलं की फरशी कशाने पुसली होती. मोड आणायचं फडकं बदललं, पुन्हा जुनं शोधून काढलं. तीस वर्षांचा खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, सोडला, कारण थेंब वाकून बघताना आपल्याच तोंडातून काही पडत असेल असा त्यांना संशय. खर्रा सुटल्यावर महिनाभर हात थरथरत होते, म्हणून थेंब नीट लागेनात, म्हणून पुन्हा खायला लागले, मग पुन्हा सोडला. मी हे सगळं समोर बसून पाहत होते.

मी काही अगदीच दगड नव्हते. गुपचूप तीनदा माठाच्या पाण्यात थेंब लावून पाहिले. काही आलं नाही. मग मी मनाशी ठरवून टाकलं की पाण्याचा काही संबंध नाही, मग उगाच सांगायचं कशाला. हे खरंच पटलं होतं की सोयीचं होतं म्हणून पटवून घेतलं, ते मला अजून सांगता येत नाही. एकदा सगळा जीव गोळा करून सांगायला गेले, तर सर बाहेरून आलेल्या कोणा पाहुण्याला प्रयोगशाळा दाखवत होते. मला पाहून म्हणाले, "आमच्या इथं पान्याची चिंता नाई. पानी या पोरीकडे हाय." मी हसून नमस्कार केला आणि बाहेर आले.

मला पीएचडी मिळाली. एन्झाइम किती वेगाने काम करतं एवढ्यावरच प्रबंध झाला, घडीचं प्रकरण त्यात आलंच नाही. त्याच वर्षी सर निवृत्त झाले, आणि मी बुटीबोरीच्या एका कापडाच्या कारखान्यात तपासणीच्या कामाला लागले. कापड विणताना सुताला खळ लावलेली असते, ती नंतर एन्झाइमने काढतात. म्हणजे एन्झाइम काही सुटलं नाही.

सर आता मानेवाड्याच्या घरी हेच करत बसलेले असत. डिपार्टमेंटने एक कोपरा वापरायला दिला होता, तिथे प्रथिन काढायचं आणि थेंबांचे ट्रे घरच्या फ्रिजमध्ये. काकूंच्या भाज्या खुर्चीवर. "फ्रिज मेला पाहुन्यायचा हाय, अन् आमची मेथी सोफ्यावर बसते," असं काकू म्हणायच्या. मी एकदा गेले तेव्हा मोबाईलवर एक चित्र घेऊन गेले होते. आता संगणकाला प्रथिनाच्या मण्यांची ओळ दिली की तो घडी कशी असेल ते अंदाजाने काढून देतो. लाखोळीच्या त्या एन्झाइमचं मी काढलं होतं, रंगीत. वाटलं, निदान तोंड तर पाहतील, माझ्याही डोक्यावरचं ओझं उतरेल. सरांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, फिरवला.

"पत्रिका चांगली हाय," म्हणाले. "पोरगी पाहाची रायली."

आणि परत देताना म्हणाले, "याच्यात पानी नाई दिसत. प्रथिन पान्यात रायते वं. बिनपान्याचा फोटो काढला याईनं."

मी चहा अर्धा टाकून आले.

मग मागच्या उन्हाळ्यात कारखान्यात एक दिवस एन्झाइम चालेना. कापडावरची खळ निघेना. मी डबे तपासले, तारखा तपासल्या, तापमान तपासलं, डोकं भणाणलं. मशीनवरचा माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडम, पानी बदललं का?" बदललं होतं. आदल्या दिवशी नवीन यंत्र बसवून पाण्यातले क्षार काढून टाकले होते, आणि त्या एन्झाइमला नेमके तेच लागत होते, थोडं कॅल्शियम. पहिल्या फटक्यात त्याने पाण्याचं विचारलं! माठाच्या पाण्यातही क्षार असणारच, असं तिथेच डोक्यात आलं.

तरीही कोडं सुटेना. माठाचं पाणी मी तीनदा वापरलं होतं, मग तेव्हा का नाही आले? त्याच आठवड्यात आईने हिंगण्याच्या बाजारातून नवा माठ आणला, भरून ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी ते सगळं पाणी तुळशीत ओतायला लागली. मी म्हटलं, "काहून फेकते वं?" आई म्हणाली, "पयल्या दिवशीचं कोनी पेते का? मातीतलं सारं त्यात उतरते." देवरावभाऊही तेच करत, दर उन्हाळ्यात. पहिलं पाणी फेकायचं, मग माठ वापरायचा. मी गुपचूप वापरलं ते पुरत्या भिजलेल्या, जुन्या झालेल्या माठाचं. आणि त्या दिवशी वापरलं होतं ते फेकायचं पाणी. मला एकदम खात्री वाटली, आणि पुढच्याच क्षणी काहीच खात्री राहिली नाही. पण आता गप्प बसणं शक्य नव्हतं.

रविवारी सकाळी गेले. सर अंगणात सुपात लाखोळी निवडत होते. मी चप्पल काढायच्या आधीच बोलले, नाहीतर बोललेच नसते.

"सर, त्या दिवशीचं पाणी डबल डिस्टिल्ड नव्हतं."

सुपातला हात थांबला नाही. "मंग कोनतं होतं?"

"देवरावभाऊंच्या माठातलं. बाटली फुटली होती. माठ नवा होता, सकाळीच भरलेला."

"पयलं पानी?"

"हो."

सर उठून आत गेले. मला वाटलं आता बाहेर येतच नाहीत. आले ते जुनं रजिस्टर आणि एक वही घेऊन. वही मी कधी पाहिली नव्हती. तिच्यात त्यांनी संशयाची यादी केली होती, पानंच्या पानं. फरशी. फडकं. शर्ट. खर्रा. माझा श्वास. माझे हात. चंद्र, हेसुद्धा होतं. आणि सगळ्यात वर, पहिल्याच ओळीत, 'पाणी – पोरीकडे', आणि पुढे बरोबरची खूण.

"सगळ्याईवर संशय घेतला म्या," सर म्हणाले. आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "माह्यावर घेतला. देवरावसारख्या मानसावर घेतला. तुले पान्याचं नाई विचारलं. विचारलं असतं त काय अर्थ झाला असता त्याचा?"

मला रडू फुटलं. काकू दारात आल्या आणि परत गेल्या. सरांनी रजिस्टरमधलं ते पान उघडून माझ्यापुढे ठेवलं आणि खिशातलं पेन दिलं. "एक रेघ," म्हणाले.

मी 'डबल डिस्टिल्ड'वर एक रेघ मारली. वर लिहिलं, 'नव्या माठाचे पहिले पाणी'. त्या रविवारची तारीख टाकली. सरांनी चष्मा लावून ते वाचलं, पुन्हा वाचलं. खाली लिहिलं, 'तपासले'. सही केली. मग सूप घेऊन पुन्हा निवडायला बसले, जणू मी तिथे नव्हतेच. माफ केलं का, असं विचारायचं होतं, पण सरांना सरळ प्रश्न विचारून कधी कोणाला सरळ उत्तर मिळालंय? दर वेळी ते मला फाटकापर्यंत सोडायला येत. त्या दिवशी उठले नाहीत.

मी फाटकाची कडी काढली तेव्हा मागून आवाज आला.

"माठ काळा होता का लाल?"

मी वळून पाहिलं. मला आठवेना. बाटली आठवत होती, काचा आठवत होत्या, घाम आठवत होता. माठाचा रंग काही केल्या आठवेना.

"नाही आठवत, सर," मी म्हटलं.

सरांनी सूप एकदा पाखडलं. मग म्हणाले, "त मंग दोन्ही आन. अन् भरजो नोको. पानी मी भरीन."